चित्रातली बाई उभी होती

१९९६ सालच्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता मंदाकिनी नावाच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईंना त्यांच्याच घरातल्या स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं. कुणी हाताला धरून काढलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. बावीस वर्षं त्या घरातलं महालक्ष्म्यांचं पुरण त्यांच्या हातचं होतं. त्या दिवशी त्या दाराशी आल्या, पायाला आधार देणारं लोखंडी कॅलिपर उतरवलं, जमिनीवर बसल्या आणि नेहमीप्रमाणे हातांवर सरकत आत गेल्या. समोर चूल नव्हती. समोर आदल्या रात्रीच बांधून संपलेल्या नव्या ओट्याचं पोट होतं, त्याखाली सिलिंडर होता, आणि बरोबर डोक्याशी कोटा दगडाच्या लादीची कड होती. पुरण शिजल्याचा वास वरून येत होता. पातेलं दिसत नव्हतं.

त्या तशाच मागे सरकत बाहेर आल्या. त्या दिवसापासून त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत जायला लागलं.

हा अन्याय कुणी केला ते सांगायला मी हा लेख लिहिते आहे. कोण ते पुढे येईल.

आधी माझं काम सांगते, कारण पुण्या-नागपूरकडच्या वाचकांना असलं काम असतं हेच ठाऊक नसतं. बनारसच्या एका गल्लीत, छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, आमची एक छोटी संस्था आहे. रिटायर झालेल्या एक डॉक्टरबाई ती चालवतात. अपंग माणसं आणि कायमची आजारी माणसं यांना आपल्या घरात आपलं जेवण आपण करता यावं, एवढंच आमचं काम. हे सांगितलं की लोक हसतात. नोकरी, रेल्वेचा पास, सर्टिफिकेट यासाठी भांडणारे पुष्कळ आहेत, आणि अपंगांसाठी संसदेत नुकताच कायदाही झाला आहे. मी तो अख्खा वाचला. त्यात शाळा आहे, नोकरी आहे. वरणभात नाही.

मी आधी पत्रकं लिहायचे. कॉलेजात असल्यापासून मला तेवढंच येतं: मोठं शीर्षक, चार ओरखडे काढणारी वाक्यं, खाली 'मागणी'. मग डॉक्टरबाईंनी मला घरांमध्ये पाठवायला सुरुवात केली. काम असं, की सकाळी एखाद्याच्या स्वयंपाकघरात जाऊन कोपऱ्यात बसायचं आणि स्वयंपाक होईपर्यंत उठायचं नाही. त्या माणसाला किती वेळा उठावं लागतं, किती वेळा वाकावं लागतं, कुठे धाप लागते, कुठे मनगट वळत नाही, ते वहीत रेघा मारून मोजायचं. मग निम्म्या रेघा कमी करायच्या. एवढीच विद्या. भरलेला कुकर उचलायचा नाही, रिकामाच गॅसवर ठेवून मगाने पाणी घालायचं. एकाच कुकरात तीन डबे लावायचे, भात, वरण आणि बटाटे, म्हणजे एका बसण्यात जेवण. ज्या दिवशी अंगात थोडी ताकद असेल त्या दिवशी मेतकूट आणि भाजणी करून ठेवायची, म्हणजे ज्या दिवशी नसेल त्या दिवशी ताकातली उकड दहा मिनिटांत होते. संधिवात असेल तर झाऱ्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करायचा. विळी पाटावर ठोकून पक्की करायची. यात शोध काहीच नाही. प्रत्येक घरात ते कधीच व्हायला हवं होतं, आणि होत नाही, कारण घरच्यांना एक सोपं उत्तर सापडलेलं असतं: 'तू कशाला करतेस, आम्ही देतो ना.'

या वाक्याचा मला जेवढा राग येतो तेवढा शिवीचाही येत नाही.

भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत एक रिटायर्ड रेल्वे गार्ड राहतात. त्यांना कंपवात आहे. मुलगा बँकेत, सून शिक्षिका, दोघं सज्जन. गार्डसाहेबांची आमच्याकडे एकच मागणी होती: दुपारचा चहा. मुलगा मला म्हणाला, "दीदी, थर्मासमध्ये ठेवून जातो ना आम्ही. दोन कप. अजून काय पाहिजे बाबांना?"

गार्डसाहेब खुर्चीतून म्हणाले, "मला चहा प्यायचा नाहीये. मला चहा करायचाय."

"बाबा, भाजेल."

"पस्तीस वर्षं मी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलली नाही. आता हे मला थर्मास दाखवतात."

आम्ही दोन्ही बाजूंना कान असलेलं बसकं पातेलं आणलं. पातेलं गॅसवरून उचलायचंच नाही, लांब दांड्याच्या पळीने चहा कपात काढायचा, आणि कप परातीत ठेवायचा म्हणजे सांडलं तरी परातीत. गॅसच्या बटणावर लाल रंगाचा ठिपका काढला. पहिल्या दिवशी अर्धा कप परातीत गेला. उरलेला अर्धा त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "साखर ढवळू नकोस. माझ्या हातात कप दोन मिनिटं राहिला की आपोआप ढवळली जाते."

ते स्वतःच्या हसण्याने इतके हलले की उरलेला चहाही गेला. मुलगा दारात उभा होता. तो हसला नाही. त्याला पहिल्यांदाच कळलं असावं की थर्मास ही सेवा नव्हती, बंदी होती. निदान मी तसं मानते. माणसाला जगवायला ताट पुरतं. पण ताट बाहेरून आलं की वेळ त्यांची, चव त्यांची, 'पोट भरलं का' हा प्रश्नही त्यांचाच.

हे सगळं मला कळत होतं, असं मी समजत होते. मग मंदाताईंचं पोस्टकार्ड आलं.

महालक्ष्म्या होऊन आठ दिवस झाले होते. अक्षर टपोरं, शाई निळी. 'तुमच्या पत्रकामुळे माझी चूल गेली. येऊन बघून जावं. मंदाकिनी.' खाली अहिल्याबाई घाटावरच्या गल्लीचा पत्ता.

मी तावातावाने गेले. कुणीतरी पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला असणार, एवढंच डोक्यात. घर मराठी तीर्थोपाध्यायांचं. मंदाताईंचे थोरले भाऊ, ज्यांना गल्लीत सगळे दादा म्हणतात, यात्रेकरूंचे विधी करतात. चोख काम, गोड आवाज, घाटावर स्वतःची लाकडी चौकी आणि तिच्यावर छत्री. मंदाताई बाहेरच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पाय लुळे, उजवा थोडा बरा. कॅलिपर भिंतीला टेकवलेलं. हात मात्र असे की गल्लीतल्या पहिलवानाने बघावेत.

त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणापासून त्या जमिनीवर बसून स्वयंपाक करत होत्या. कॅलिपरला चामड्याचे पट्टे आणि चामड्याचा बूट, तो सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून दाराशी उतरवायचं आणि सरकत आत जायचं. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. खिडकीखालच्या कोपऱ्यात त्यांची जागा होती. डाव्या हाताला चूल, म्हणजे दगडी ठोकळ्यावरचा वातीचा स्टोव्ह. उजवीकडे विळी, मागे तोटीची कळशी, समोर मिसळणाचा डबा, पिठाचे डबे मांडीला लागून. सगळं हाताच्या टप्प्यात. एकदा बसलं की स्वयंपाक होईपर्यंत कुठे उठायचं काम नाही.

मी वही उघडली होती. रेघ मारायला काही नव्हतं. मी घरोघर जाऊन जे शिकवत होते ते ही बाई तीस वर्षं करत होती. एकही उठ-बस नसलेलं स्वयंपाकघर मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि हेही मला पाहायला मिळालं नाही, कारण ते तोडून झालं होतं.

"आणि हे तोडलं कुणी?" मी विचारलं. पेन तयार होतं. शीर्षकही तयार होतं.

मंदाताईंनी आत हाक मारली. "दादा, ती आलीय. ते दाखवा तिला."

दादा पंचांग घेऊन आले. त्यात जपून घडी घातलेला कागद होता. आमचं पत्रक. शीर्षक: 'जमिनीवरचा स्वयंपाक बंद करा. गुडघे वाचवा.' मी लिहिलेलं. खाली एक चित्र, तेही मीच काढवून घेतलेलं: ओट्यापाशी बाई, पदर खोचलेला, हातात उलथनं, शेजारी बाणाने उंची दाखवलेली, बत्तीस इंच. शेवटी मागणी: 'प्रत्येक घरात ओटा झालाच पाहिजे.'

"आमच्या हिचे गुडघे गेले होते," दादा म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, मांडी घालून बसणं बंद. मग हे घाटावर कुणीतरी वाटत होतं. वाचलं. म्हटलं, आपलीच मुलगी लिहितेय, मराठीत, बरोबरच असणार. मिस्त्रीला कागद हातात दिला. सुताने मोजून बत्तीस इंच. चूक काय झाली सांग बेटा."

घाटावर कुणीतरी म्हणजे मीच. हजार प्रती वाटल्या होत्या.

त्यांचा आवाज साफ होता, त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. आतून दादांच्या बायको, शालिनीवहिनी, बाहेर आल्या. त्या मला म्हणाल्या, "खरं सांगू का, मला बरं वाटलंय ओट्याने. रात्री झोप लागते. मी काय करू, तोडून टाकू?" आणि डोळ्याला पदर लावला. मंदाताईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"चित्रातली बाई उभी आहे," त्या म्हणाल्या. "दोन पायांवर. कोण आहे ती?"

उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. चित्र काढणाऱ्याला मी म्हटलं होतं, 'बाई काढा.' त्याने काढली. मीही पाहून 'छान' म्हटलं. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं पत्रक, आणि बाई म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे दोन धड पाय आले.

तेव्हा अन्याय कुणी केला ते सांगून झालं.

माणूस चुकला की आधी दुसरा कुणी सापडतो का बघतो. मीही बघितलं. त्याच भेटीत माझी नजर देवघराकडे गेली होती. तिथे दादांचं आसन होतं, मृगाजिन. म्हणजे हरणाचं कातडं देवापुढे चालतं, आणि बहिणीच्या पायातला पट्टा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अडतो. मी घरी येऊन एका बैठकीत नवं पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक होतं ते. दुसऱ्या दिवशी मंदाताईंना वाचून दाखवलं. कॅलिपर पायात असेल तर त्या ओट्यापाशी उभ्या राहू शकतात, मग अडवतंय कोण, हा माझा मुद्दा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला उभं करायचंय तुला."

"तुमचा हक्क आहे."

"अगं, कॅलिपर घालून उभी राहिले की दोन्ही हात धरण्यात जातात. एक हात सोडला की झोक जातो. मग पोळी काय दातांनी लाटू?" त्यांनी एक खांदा चोळला. "आणि आता पहिल्यासारखे खांदेही राहिले नाहीत. संध्याकाळी भरून येतात. जेवढी ताकद आहे ती मला उभं राहण्यात घालवायची नाही, पोळ्यांत घालवायचीय."

"पण ते कातडं..."

"ते भांडण खरं आहे. पण ते तुझं आहे. कर तू, मी गेल्यावर कर. माझं भांडण उंचीचं आहे. ते कर आधी."

मी पत्रक फाडलं. मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही, हे इथे लिहून ठेवते.

उंचीचं भांडण सोपं नव्हतं. मी म्हटलं, गॅस खाली जमिनीवर घेऊ. एजन्सीच्या माणसाला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "सिलिंडर के नीचे चूल्हा? ना बहिनजी, ई हमसे न होई. गैस नीचे बैठती है, पूरा घर उड़ जाएगा." त्याचं बरोबर होतं. वातीचा जुना स्टोव्ह होता, पण तो पेटवायचा कुठे? खिडकीखाली जागा उरली होती खरी, मात्र सिलिंडर तिला लागूनच आला होता. ओटा पाडावा, तर वहिनींचे गुडघे. एका घरात दोन बायका, दोघींची शरीरं खरी, आणि मी दोघींपैकी एकीचंच चित्र छापलेलं.

उपाय मंदाताईंनीच सांगितला. त्या वर्षी गंगेला चांगलाच पूर होता. पाणी वर चढायला लागलं की घाटावरच्या चौक्या उचलून गल्ल्यांत आणतात. दादांचीही चौकी श्रावणापासून घरात, बोळात उभी करून ठेवलेली होती. मंदाताई रोज खाटेवरून तिच्याकडे बघत होत्या.

"जमीन वर येत नाही ना," त्या म्हणाल्या, "मग मी वर जाते. ती चौकी आत टाका."

टाकली. खिडकीखाली, ओट्याच्या टोकाला. चार पायांखाली दोन-दोन विटा. आत सरकत यायचं, आधी पाटावर, मग चौरंगावर, मग चौकीवर. हातांना ते अवघड नव्हतं. मागे भिंतीत लाकडी दांडा ठोकला, पाठ टेकायला आणि तोल गेला तर धरायला. लाकूड पुसून सोवळ्यात चालतं, दादांनी स्वतः पुसलं. मंदाताई मांडी घालून बसल्या, म्हणजे हातांनी पाय उचलून मांडी रचली, आणि ओटा बरोबर कोपराशी आला. शेगडी त्या टोकाला सरकवली. दुसऱ्या टोकाला वहिनी उभ्या.

पहिला पदार्थ मुगाची मऊ खिचडी. कुकरची शिट्टी झाली. मंदाताईंनी झाकण उघडून वाफ तोंडावर घेतली, बस्स.

इथे लेख संपला असता तर मी तो लिहिला नसता.

पितृपक्षात पाणी अजून पायऱ्यांवर होतं, दादांनी विधी घरच्या ओसरीत केले. मग पाणी उतरलं. घाटावरचा गाळ निघाला, बाकीच्यांच्या चौक्या खाली जायला लागल्या, कार्तिकस्नानाचे यात्रेकरू यायचे दिवस आले. नवरात्र संपल्यावर एका सकाळी मंदाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या तर खिडकीखाली आठ विटा होत्या. चौकी नव्हती.

"माझी पोटाची जागा आहे ती," दादा म्हणाले. "चौकीशिवाय घाटावर मला कोण विचारणार?"

"मग दुसरी करा."

"करू ना. दिवाळीनंतर बघू."

ते मला ऑफिसात कळलं तेव्हा मी सुताराकडे जायला निघाले. डॉक्टरबाईंनी परवानगीही दिली. मंदाताईंचा निरोप आला, चौकी आणलीस तर परत पाठवीन. मी धावत गेले.

"संस्थेची चौकी नको," त्या म्हणाल्या. "मी या घरातली आहे. वहिनीला ओटा घराने दिला. मला चौकी घरानेच द्यायची."

"पण तोवर?"

"तोवर ताट आहेच."

दिवाळी झाली. फराळ बाहेरच्या खोलीत आला. चकल्या वहिनींनी केल्या, मंदाताईंना चकलीचा सोऱ्या कुणी हातात दिला नाही. भाऊबीज झाली, त्यांनी दादांना ओवाळलं. चौकीचं नाव कुणी काढलं नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त चीड कशाची येते सांगू? दादा वाईट नव्हते. विसरले होते. बहीण रोज समोर जेवत होती, पोट भरत होतं, कुठे काही अडलेलं दिसत नव्हतं. हातात काम नसलेलं माणूस घरात शांत दिसतं, आणि शांततेला सगळे सुख म्हणतात.

कार्तिकी एकादशीला सकाळी मंदाताईंनी मला बोलावलं. कॅलिपर चढवलेलं, पदर घट्ट खोचलेला. खाटेवर पिशवी: वातीचा स्टोव्ह, कढई, भिजवलेला साबुदाणा, कुटलेले दाणे, दोन मिरच्या, तुपाचा डबा.

"एवढं उचल," त्या म्हणाल्या. "मला उचलायचं नाही."

"कुठे?"

"माझ्या चौकीकडे."

गल्ली त्यांनी कुबडीवर पार केली. घाटाच्या पायऱ्यांपाशी खाली बसल्या, आणि एकेक पायरी बसून उतरायला लागल्या. एकादशीची गर्दी. लोक बाजूला होत होते, कुणी हात पुढे करत होतं. एक नाववाला म्हणाला, "अम्मा, गोद में उठा लें?" त्या म्हणाल्या, "तुम अपनी नाव उठाओ." तो खूष झाला आणि आमच्या पुढे वाट करत चालायला लागला. पायऱ्यांना पाऊण तास लागला. मी पिशवी धरून मागे, आणि हात पुढे करायचा नाही हे मला आयुष्यात कधी एवढं जड गेलं नाही.

दादा तेव्हा पाण्यात यजमानांना संकल्प सांगत होते. मंदाताईंनी चौकीपाशी कॅलिपर उतरवलं, यात्रेकरूंच्या चपलांच्या ओळीत नीट ठेवलं, चौकीवर चढल्या, पाय उचलून मांडी रचली, पूजेचं तबक बाजूला सरकवलं आणि स्टोव्ह पेटवला. मिरची तुपात पडली तसा त्या बाजूचा अर्धा घाट वळला.

दादा ओलेत्यानेच वर आले. मागे यजमान, अकोल्याकडचे एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको.

"मंदा, हे काय चाललंय?"

"साबुदाण्याची खिचडी. एकादशी आहे."

"इथे?"

"चौकी इथे आहे."

"घरी चल. लोक बघतात."

"बघू देत. घरात कुणी बघत नव्हतं." कढई हलवता हलवता त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली, दादा."

दादा काही बोलायला गेले, तेवढ्यात हेडमास्तरांच्या बाईंनी पदराने तोंड पुसत विचारलं, "अहो ताई, थोडी आम्हाला पण द्याल का? हॉटेलातलं खाऊन तीन दिवस झाले." मंदाताईंनी द्रोण मागितले. दोघं पायरीवर बसून जेवले. बाईंनी दुसऱ्यांदा मागितली. हेडमास्तर दादांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरच्या का या? काय हात आहे हो."

दादांना बसायला जागा नव्हती. ते चौकीच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांचं डोकं मंदाताईंच्या गुडघ्याच्या खाली होतं. मी त्यांना वर बघताना पाहिलं. कढईत काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं, मान उंच करूनही नाही. मग त्यांनी नावांची डागडुजी करणाऱ्या मिस्त्रीला हाक मारली.

"मिस्त्री, एक चौकी और बनाओ."

"कितनी ऊँची, पंडितजी?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात आकडा तयार होता, सवयीने. मी तोंड मिटलं.

"उससे क्या पूछते हो," मंदाताई म्हणाल्या. "यहाँ आओ, मेरा हाथ नापो."

मिस्त्रीने पंचा झटकला, टेप काढला, आणि मांडीपासून कोपरापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत मोजलं. चार दिवसांनी चौकी आली, विटांशिवाय, नेमकी. आज तिसरं वर्ष, ती खिडकीखालीच आहे. वहिनी दुपारी तिच्यावर बसून मटार सोलतात आणि मंदाताई त्यांना 'ऊठ, माझी जागा' म्हणून उठवतात. महालक्ष्म्यांचं पुरण पुन्हा मंदाताईंचं आहे.

चार लाकडं आणि एका फळीसाठी एका बाईला अख्खा घाट बसून उतरावा लागला. याला मी यश म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. माझ्या हजार पत्रकांपैकी एक दादांच्या पंचांगात होतं. बाकीची कुठल्या घरांत गेली, तिथे कुणाच्या डोक्यावर ओट्याची कड आली, मला माहीत नाही. सगळ्यांकडे पोस्टकार्ड लिहायची हिंमत नसते.

म्हणून आता मागणी. हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे म्हणजे शेजारी फराळाचं ताट असणार. तुमच्या घरात कुणाचं तरी ताट बाहेरच्या खोलीत जातं: सासऱ्यांचं, आत्याचं, धाप लागणाऱ्या बहिणीचं. उठा. टेप घ्या. त्यांना विचारा, तुमचा हात कुठवर पोचतो, आणि ते सांगतील तिथे मोजा. मध्ये बोलू नका. मग चूल, डबा, पाणी, जे काही असेल ते त्या हातापाशी आणा. आणि 'जमिनीवरचा स्वयंपाक बंद करा' असं पत्रक घरात सापडलं तर फाडून टाका, ते मी लिहिलंय.

दिवाळीनंतर नाही. आत्ता.